उतरवून घेता न येणारे प्रात्यक्षिक

महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचे वर्ग सुरू झाले आणि पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे श्रेयांकांचा एक लांबलचक तक्ता आला. मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे विषय आणि भाषा यांच्या जोडीला त्यात ‘ओपन इलेक्टिव्ह’ आहे, म्हणजे आपल्या विद्याशाखेबाहेरचे काही शिकणे आता प्रत्येकाला भाग आहे. शिवाय सहअभ्यासक्रम या शीर्षाखाली खेळ, योग, राष्ट्रीय सेवा योजना यांच्याच रांगेत दृश्यकलेलाही जागा दिलेली आहे. वाणिज्य शाखेच्या मुलीने लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावरचा ठसा, कोरावा किंवा भौतिकशास्त्राच्या मुलाने मातीचे भांडे घडवून भाजावे, आणि त्याचे श्रेयांक त्यांच्या गुणपत्रिकेवर यावेत, याला नियमांची आडकाठी त्यामुळे उरलेली नाही. तरीही प्रवेशाच्या दिवसांत फलकांवर लागणाऱ्या याद्या वाचल्या, तर वर्गात बसवून शिकवता येतील, पडद्यावर दाखवता येतील आणि बहुपर्यायी प्रश्नांवर तपासता येतील असेच विषय त्यांत बहुतांशी दिसतात.

मी एका जिल्ह्याच्या गावी बावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवतो. चित्रकलेचे शिक्षण मला नाही, आणि कलेने माणूस संस्कारी होतो वगैरे जे नेहमी बोलले जाते त्याच्या आधारावर मला काही मागायचेही नाही. माझी मागणी मोजकी आहे: मुद्राचित्रण, म्हणजे ठसा कोरून त्यावरून हाताने छाप काढण्याची कला, आणि मातीकाम, या दोन विषयांचे प्राथमिक अभ्यासक्रम कलामहाविद्यालयाबाहेरच्या विद्यार्थ्यांना पूर्ण श्रेयांकांसह, पूर्ण तासांसह आणि खऱ्या साहित्यासह मिळाले पाहिजेत. ही मागणी मी करतो ती विज्ञानाच्या प्रयोगशाळेत जे बावीस वर्षे पाहिले त्यावरून.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालते हे ती पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अनुमापनाचे, म्हणजे ब्युरेट या खुणा असलेल्या नळीतून द्रावण थेंबथेंब सोडून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजण्याच्या प्रयोगाचे, उत्तर विद्यार्थ्याला ब्युरेट हातात घेण्याआधीच माहीत असते, कारण मागच्या वर्षीची जर्नल वर्गात फिरत असते. मग पहिले वाचन चुकले तरी दुसरे आणि तिसरे बरोबर येते, तिन्हींचे मध्यमान सुबक निघते, आणि वही सहीसाठी टेबलावर येते. याला मुलांच्या भाषेत ‘रीडिंग जुळवणे’ म्हणतात आणि आम्ही शिक्षक ते जाणून सही करतो. एकेका तुकडीत वीस-पंचवीस मुले असतात, तराजू दोन असतात, बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला उत्तर हवे असते. यात एकट्या मुलांना दोष देण्यासारखे काही नाही. पण परिणाम असा होतो की विज्ञानाचा पदवीधरसुद्धा तीन वर्षांत असा एकही प्रसंग न अनुभवता बाहेर पडू शकतो, ज्यात वस्तूने त्याला अनपेक्षित उत्तर दिले आणि ते त्याला निमूटपणे स्वीकारावे लागले. वाणिज्य आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना तर एवढीही संधी नाही. त्यांच्यापुढे येतात ते फक्त कागद.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सहा आठवडे एका सिरॅमिक कलावतीच्या स्टुडिओत शिकायला जात होतो. पहिला आठवडा केवळ माती मळण्यात गेला. चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात, त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो आणि म्हणून ते एकमेकांवरून घसरतात, हे मी कितीतरी वर्षे फळ्यावर काढून दाखवले होते. गोळा तळव्याने पुढे दाबून पुन्हा आपल्याकडे ओढताना तो अमुक क्षणी ‘ऐकू’ लागतो, आणि पाणी चमचाभर जास्त झाले की पुन्हा ऐकेनासा होतो, हे मात्र मला पहिल्यांदा कळले. दुसऱ्या आठवड्यात बोटांनी एक वाडगा घडवला. काठ पातळ आला, बूड जाड राहिले. चार दिवस वाळल्यावर त्याचा रंग फिकट झाला, हाताला कोरडा लागला, आणि मी तो भट्टीत ठेवण्याचा आग्रह धरला. भट्टी उघडली तेव्हा त्याचे बूड सुटून शेजारच्या भांड्यावर आदळलेले होते.

मी म्हटले की मातीत हवेचा बुडबुडा राहिला असेल. हे कारण सगळीकडे सांगितले जाते. बाईंनी तुकडे माझ्या हातावर ठेवले आणि सर्वांत जाड तुकडा कोणता, एवढेच विचारले. कारण पाण्याचे होते. वरून कोरड्या दिसणाऱ्या जाड बुडात ओल शिल्लक होती, तापमान शंभर अंशांपलीकडे गेले आणि त्या पाण्याची वाफ झाली. शंभर अंशांना पाण्याची वाफ होते तेव्हा तिला सुमारे सतराशे पट जागा लागते, हा आकडा मी दर वर्षी वर्गात सांगत आलो आहे. पुढच्या वेळी बाईंनी मला भांडे गालाला लावून पाहायला शिकवले: गार लागले तर पाणी अजून उडते आहे, म्हणजे आत ओल आहे, गालाइतकेच उबदार लागले तर भट्टीला तयार आहे. बाष्पीभवनाला उष्णता लागते आणि ती जवळच्या वस्तूतून घेतली जाते, हा पाठ पदवीच्या पहिल्या वर्षाचा आहे. तो गालाने वाचता येतो हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी समजले.

माझे सांगणे एवढेच आहे की हा वाडगा मला कोणाच्या वहीतून उतरवून घेता आला नसता. मातीकामात वाचन जुळवण्याची सोयच नसते. ओली माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा टक्क्यांच्या आसपास आक्रसते. झाकण आणि भांडे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ओलीच्या मातीचे केले तर ते एकमेकांवर बसत नाहीत. मातीतल्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, कणांची स्फटिकरचना ५७३ अंश सेल्सिअसला बदलते आणि ते एकाएकी प्रसरण पावतात, निवताना त्याच अंशाला पुन्हा आक्रसतात; तिथे घाई केली तर तडा जातो, आणि कधी कधी तो डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून कुंभार भाजलेले मडके वाजवून घेतो. संत गोरोबाकाकांनी थापी घेऊन जमलेल्या संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते, पण तिच्यामागची परीक्षा किती काटेकोर आहे हे मडके स्वतः वाजवल्याशिवाय कळत नाही. पक्के मडके खणखणते, आतून तडकलेले बद्द वाजते, आणि तिसरा आवाज नसतो.

मुद्राचित्रणाची शिस्त निराळी आहे आणि ती मी आमच्याच महाविद्यालयात पाहिली. मुंबईत शिकलेल्या एका तरुण चित्रकाराला आम्ही तीन दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावले होते. बारा मुले होती. त्यांतली सात वाणिज्य शाखेची. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा लिनोलियमचा तुकडा मिळाला. तो आधी उन्हात ठेवून मऊ करायचा, अवजार अंगापासून दूर चालवायचे आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा, एवढ्या सूचना झाल्या. एका मुलीने दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी ‘दिवाळी’ हा शब्द मोठ्या निगुतीने कोरला, अक्षरे अगदी वळणदार. तिने शाई लावली, कागद ठेवला, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासला आणि कोपरा धरून कागद उचलला. शब्द उलटा आला होता. अक्षरे उलटी होतील हे चित्रकाराने सकाळी सांगितलेले होते आणि तिने मान डोलावलेली होती. पण सांगितलेले आणि समोर आलेले यांत अंतर असते. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, ऱ्हस्वाचं दीर्घ झालं, आणि दीर्घाचं ऱ्हस्व.” खरोखरच तसे झाले होते. देवनागरीची ऱ्हस्व वेलांटी आरशात पाहिली की दीर्घ वेलांटीसारखी दिसते, हे मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माझ्यासारख्याच्याही कधी लक्षात आले नव्हते.

तिची दुसरी अडचण अधिक खोल होती. तिने अक्षरेच कोरून काढली होती, त्यामुळे ती काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी उमटली. ठशात जे कोरतो ते पांढरे राहते आणि जे सोडतो ते छापले जाते. म्हणजे काळी शिरोरेघ हवी असेल तर तिच्या वरचे आणि खालचे सगळे काढून टाकून रेघ तेवढी उभी ठेवावी लागते. दुसऱ्या दिवशी तिने पातळ कागदावर शब्द लिहिला, कागद पालथा केला, नखाने घासून तो लिनोवर उतरवला आणि भोवतालचे खरवडत बसली. ‘दिवाळी’तल्या ‘ळ’चे दोन पोकळ डोळे तिने अर्ध्या तासात काढले असतील. एकदा अवजार सटकले आणि ‘व’चा देठ तुटला. तो जोडता येत नाही. तिने विचार करून बाकीच्या अक्षरांच्या देठांनाही तशाच खाचा दिल्या आणि त्या शब्दाला एक वळण आले. तिला असे करायला कोणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी प्रती काढायच्या होत्या आणि त्या सगळ्या सारख्या यायला हव्या होत्या. शाई जाड झाली तर बारीक खाचा बुजतात, पातळ झाली तर काळ्यात पांढरे ठिपके पडतात. रूळ काचेवर फिरवताना येणाऱ्या चिकट, चरचरत्या आवाजावरून शाई बेताची झाली की नाही ते ओळखायचे असते. बारा प्रती झाल्यावर चित्रकाराने प्रत्येकीखाली पेन्सिलीने १/१२, २/१२ असे आकडे घालायला लावले आणि याचा अर्थ सांगितला: या ठशाच्या बाराच प्रती निघाल्या आणि तेरावी निघणार नाही, असे छापणाऱ्याने घेणाऱ्याला दिलेले हे वचन आहे. वाणिज्यच्या मुलांनी यावर जी चर्चा केली, वचन पाळले की नाही हे कळणार कसे, ठसा नष्ट करायचा का, मग किंमत कोणी ठरवायची, तशी चर्चा मी त्यांच्या विभागाच्या कोणत्याही चर्चासत्रात ऐकलेली नाही.

कार्यशाळा तिथेच संपली. छायाचित्रे काढली गेली, ती अहवालात लागली, आणि उरलेला लिनोलियम कपाटात गेला. तीन दिवसांत मूल पहिली चूक करते आणि दुसरीपर्यंत पोहोचते. तिसरी चूक, जी स्वतःच्या बेतातली असते, ती करायला त्याला वेळ मिळत नाही. म्हणून कार्यशाळा पुरेशी नाही असे मी म्हणतो.

कलेची ओळख करून द्यायची असेल तर रसग्रहणाचा तासाभराचा तास पुरे, असे काही सहकाऱ्यांचे मत आहे. रसग्रहणाला माझा विरोध नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी एकोणिसाव्या शतकावरच्या उत्तरात ‘मुद्रणकलेचा प्रसार’ हे कारण तिसऱ्या क्रमांकावर लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय असते? गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छाप काढण्याच्या पद्धतीने, मराठी पंचांग छापले. यंत्र त्यांनी स्वतः जुळवले, शाई स्वतः प्रयोग करून तयार केली. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा हा चित्रांचा छापखाना निघाला, १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आज्यांच्या देव्हाऱ्यांतली लक्ष्मी आणि सरस्वती अशा दगडांवरून आल्या, आणि एकेका रंगासाठी वेगळा दगड लागत असे. ज्या विद्यार्थ्याने दोन रंगांचा साधा लिनोकट छापताना दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसवण्यासाठी चार कागद वाया घालवले आहेत, त्याला या वाक्यातली मेहनत हातांना कळते. चित्तप्रसाद हे बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारे चित्रकार पुढे मुंबईत अंधेरीला येऊन राहिले आणि लिनोकट करत राहिले. लिनोलियम स्वस्त होते, छापायला यंत्र लागत नव्हते, एका ठशावरून अनेकांपर्यंत जाता येत होते. समाजशास्त्राच्या मुलाला माध्यम आणि चळवळ यांचे नाते समजावून द्यायला याहून जवळचे उदाहरण मला सापडलेले नाही.

आपल्याकडे बी.ए.ला ‘कला शाखा’ म्हणतात आणि त्या शाखेचा विद्यार्थी तीन वर्षांत एकदाही रंगाला, मातीला वा ठशाला हात लावत नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या चित्रकलेच्या वर्गाच्या रूपाने. म्हणजे पहिला कलावर्ग सर्वसाधारण शिक्षणाच्या इमारतीतच भरला होता. पुढे प्रमुख टेरी यांच्या काळात तिथे मातीकामाचा विभाग निघाला आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी भांड्यांवर आली. कलेच्या शिक्षणाने स्वतंत्र घर केले यात गैर काही नाही, पण त्यानंतर उरलेल्या घरात हाताने करण्यासारखे काहीच ठेवले गेले नाही.

या मागणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मला माझ्याच एका विद्यार्थ्याने ऐकवला. त्याचे आजोबा मडकी घडवत, वडील एसटीत वाहक आहेत, आणि घरातला पहिला पदवीधर तो होणार आहे. कार्यशाळेत मातीकामाचाही एक दिवस ठेवावा असे मी वर्गात म्हटले तेव्हा तो तास संपल्यावर येऊन म्हणाला, “सर, आजोबांचं चाक सुटावं म्हणून मला इथं पाठवलंय. तुम्ही परत चाकावर बसवताय का?”

या प्रश्नाला झटकन उत्तर देऊ नये असे मला वाटते. बलुतेदारीत हाताचे कौशल्य जन्माने चिकटत असे, त्याचा मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर असे आणि प्रतिष्ठा कशालाच नसे. मद्रास प्रांतात तेव्हाचे मुख्यमंत्री राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, यांनी १९५३ साली प्राथमिक शाळेची वेळ निम्मी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली, तेव्हा तिला जातीचे शिक्षण म्हणून प्रचंड विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. विरोध करणाऱ्यांचे बरोबर होते. कुंभाराच्या मुलाला माती आणि कारकुनाच्या मुलाला पुस्तक, अशी वाटणी कोणत्याही सुंदर नावाने परत येता कामा नये. मी मागतो तो अभ्यासक्रम याच्या उलट्या बाजूने येतो: ज्यांच्या घरात सात पिढ्या कोणी माती मळली नाही, त्यांच्यासाठी तो आधी आहे. बँकेत, न्यायालयात, मंत्रालयात जाणाऱ्या मुलांनी साठ तास तरी एखाद्या वस्तूपुढे नवखे म्हणून बसावे, आणि मडके घडवणे म्हणजे अक्कल न लागणारे काम हा जो समज घरातून घेऊन ती येतात, तो त्यांच्या स्वतःच्या वाकड्या भांड्याने मोडावा. त्या मुलाच्या आजोबांना जे येत होते, कोणत्या ओढ्याची माती तडकते, तिच्यात राख किती आणि लीद किती मिसळायची, पावसाळ्यात आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, कसा रचायचा, त्याला विद्यापीठाच्या लेखी नावच नाही. श्रेयांक देणे म्हणजे त्याला ज्ञान म्हणून नोंदवणे, आणि जो शिकवील त्याला अध्यापकाचे मानधन देणे. तो विद्यार्थी कार्यशाळेला शेवटपर्यंत आला नाही, आणि मी त्याला आग्रह केला नाही. वैकल्पिक विषय वैकल्पिकच असला पाहिजे.

वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची नई तालीम तिथून पुढे आली. त्या विचारातले मोठेपण मला मान्य आहे, पण मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा ही तिच्यातली अपेक्षा मला चुकीची वाटते. ज्या भांड्याला विकले जायचे आहे ते भांडे फुटून चालत नाही, आणि ज्या वर्गात भांडे फुटून चालत नाही त्या वर्गात मूल पुन्हा वाचन जुळवायला लागते. प्राथमिक अभ्यासक्रमातून विक्रीची, प्रदर्शनाची, स्टॉलची अपेक्षा पूर्णपणे वगळली पाहिजे.

खर्चाचा प्रश्न समजतो त्यापेक्षा सोपा आहे. लिनोकटाला यंत्र लागत नाही. काच, रूळ, शाई, चार प्रकारची अवजारे आणि चमचे पुरतात. पहिल्या पातळीवर आम्लाने पत्रा खाऊन करायचे छापकाम मुळीच घेऊ नये, त्याला वेगळी खोली आणि हवा खेचणारी यंत्रणा लागते. मातीचे तर असे आहे की भाजेपर्यंत काहीच वाया जात नाही. फसलेले भांडे वाळवून बादलीत भिजत घातले की आठवड्याने पुन्हा माती तयार होते. पाचशे-सहाशे अंशांच्या पट्ट्यात मातीच्या रचनेतले पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती कधीच चिखल होत नाही. तोवर ती कितीही वेळा परत घेता येते. विजेची भट्टी मात्र महाग असते, म्हणून ती तालुक्यातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून घ्यावी, आणि साध्या भाजणीसाठी, जी हजार अंशांच्या आत होते, जवळच्या कुंभाराचा आवा भाड्याने घ्यावा. चकाकी देणारे लेप विकत घेताना त्यांत शिसे नाही याची लेखी खात्री करावी. सुक्या मातीची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून खोली झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि हात धुण्याचे पाणी आधी बादलीत निवळू द्यायचे, नाहीतर पहिल्याच सत्रात महाविद्यालयाची मोरी तुंबते.

वेळेच्या बाबतीत मी हट्टी आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे दोन श्रेयांकांना साठ. पंधरा आठवडे, आठवड्याला सलग चार तास. पन्नास मिनिटांच्या तासिकेत माती मळून होते आणि हात धुवायची वेळ येते. शिवाय आपल्याकडे पहिले सत्र पावसाळ्यात येते, जुलैत कोकणात भांडे दहा दिवस वाळत नाही. तेव्हा जूनच्या सत्रात छापकाम आणि डिसेंबरच्या सत्रात मातीकाम, असा क्रम ठेवणे शहाणपणाचे होईल.

शिकवणार कोण, या प्रश्नाला उत्तर आपल्या भोवतीच आहे. कलाशिक्षक पदविका घेतलेले, कलामहाविद्यालयांतून मुद्राचित्रण आणि सिरॅमिक्स शिकून बाहेर पडलेले कितीतरी तरुण तासिका तत्त्वावर किंवा शुभेच्छापत्रे रंगवून दिवस काढतात. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारांना चिनी मातीच्या कामापर्यंत नेले. तिथल्या परंपरेत तयार झालेली माणसे विदर्भात आहेत. पदवी नसलेल्या पण काम जाणणाऱ्या माणसाला शिकवायला बोलावण्याची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाने अलीकडे खुली केली आहे. तिचा उपयोग उद्योगांतल्या निवृत्त अधिकाऱ्यांइतकाच कारागिरांसाठीही व्हावा. एक काळजी मात्र घेतली पाहिजे: कलामहाविद्यालयांतल्या भट्ट्या आणि छापयंत्रे त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनाच पुरत नाहीत, तेव्हा आमच्या मुलांची गर्दी त्यांच्यावर लादू नये. आमची सोय आम्ही उभी करावी.

राहिला प्रश्न गुणांचा. नवशिक्याच्या भांड्याला सौंदर्याचे गुण देणे अन्यायाचे आहे, कारण ज्याने आठवीत चित्रकलेची ग्रेड परीक्षा दिली त्याचा हात आधीच वळलेला असतो. गुण वहीला द्यावेत: कोणत्या मातीत किती वाळू घातली, किती दिवस वाळवले, भट्टी किती तासांत चढवली, काय झाले, आणि का झाले असे वाटते. छापकामात पहिल्या कच्च्या छापापासून शेवटच्या प्रतीपर्यंतचे सगळे कागद क्रमाने लावून मागावेत. ही वही दुसऱ्याची उतरवता येत नाही, कारण तिच्यासोबत वस्तू असते आणि वस्तूचा तडा वहीतल्या कारणाशी जुळावा लागतो.

पुढच्या जूनसाठी मी आमच्या महाविद्यालयात असा प्रस्ताव दिला आहे: वीस विद्यार्थी, जुन्या सायकल स्टँडशेजारची नळ असलेली खोली, दोन सत्रे. प्रशासनाकडून त्यावर एक शंका लेखी आली की सत्राअखेरीस जी भांडी फुटलेली असतील ती साठा नोंदवहीत कशी दाखवायची. मी उत्तरात लिहिले आहे की ती निर्लेखित करू नयेत, म्हणजे नोंदीतून काढून टाकू नयेत. विद्यार्थ्याच्या वहीबरोबर तुकडे पिशवीत घालून जमा करून घ्यावेत, त्यांना दहा गुण ठेवले आहेत.